म्युझस्कोर स्टुडिओ: लिहायला लवकर शिकवतं, वाचायला नाही

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर स्वर लिहिण्याची पाश्चात्त्य पद्धत, शिकायचं ठरवलं की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्युझस्कोर हे नोटेशन लिहिण्याचं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला सांगतं. सल्ला चांगलाच आहे. सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि त्यातून छापून निघणारं पान प्रकाशकाच्या पानाशेजारी ठेवलं तरी खटकत नाही. पण ‘महिन्याभरात नोटेशन येईल’ या आशेने ते घेतलं, तर महिन्याभरात येतं ते म्युझस्कोर वापरणं. नोटेशन वाचता येणं हे वेगळं प्रकरण आहे आणि त्याला लागणारा वेळही वेगळा. शिकणाऱ्याचा वेळ हे सॉफ्टवेअर कुठे वाचवतं आणि कुठे नकळत वाढवतं, एवढंच या परीक्षणात पाहिलं आहे.

आधी उतरवून घेतानाचा घोळ. डेस्कटॉपवरचं सॉफ्टवेअर म्युझस्कोर डॉट ओआरजीवर मिळतं. ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे आणि लिहिण्याचं कुठलंही साधन पैशांसाठी अडवून ठेवलेलं नाही. म्युझस्कोर डॉट कॉम हे मात्र निराळं संकेतस्थळ. तिथे लोकांनी चढवलेलं नोटेशन असतं आणि बरंचसं उतरवून घ्यायला वर्गणी लागते. त्याच नावाचं फोनवरचं ॲप या दुसऱ्या गटातलं: नोटेशन पाहायला आणि ऐकायला. ‘फुकट म्हणाले आणि कार्डाचा नंबर मागितला’ ही तक्रार बहुतेक वेळा याच गल्लतीतून येते.

दुसरा घोळ आवृत्त्यांचा. वेर्नर श्वेअर यांनी २००२ मध्ये ‘म्यूज’ या सीक्वेन्सरमधला (संगीत रेकॉर्ड करून मांडायच्या सॉफ्टवेअरमधला) नोटेशनचा भाग वेगळा काढला, त्यातून म्युझस्कोर उभं राहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत पडद्याची मांडणी पुष्कळ बदलली, आणि २०२४ पासून नावापुढे ‘स्टुडिओ’ लागलं. इंटरनेटवरचे अनेक धडे अजून तिसऱ्या आवृत्तीचेच आहेत. त्यात सांगितलेला ‘इन्स्पेक्टर’ शोधत बसू नका, आता त्या जागी ‘प्रॉपर्टीज’ आहे. म्यूज साउंड्स हे चांगले आवाज वेगळे उतरवावे लागतात आणि ते डिस्कवर भरपूर जागा खातात. शिकण्यासाठी त्यांची गरज नाही. सोबत येणारा साधा आवाज पुरतो, आणि पुढे दिसेल की जरा कमी आवडणारा आवाजच बरा.

लिहिण्याची यंत्रणा

ही बाजू खरोखर उत्तम आहे. एन दाबलं की स्वर भरण्याची अवस्था सुरू होते. लांबी आकड्यांवर ठरते: ३ म्हणजे सिक्स्टीन्थ, ४ म्हणजे एट्थ, ५ क्वार्टर, ६ हाफ, ७ होल (४/४ मध्ये क्वार्टर म्हणजे एक मात्रा, हाफ दोन, एट्थ अर्धी). स्वर ए ते जी या अक्षरांवर, रेस्टसाठी, म्हणजे विरामासाठी, शून्य, लांबी दीडपट करणारा ठिपका द्यायचा तर पूर्णविरामाचं बटण. समजा ४/४ मध्ये, म्हणजे चार मात्रांचा, पहिला बार (दोन उभ्या रेघांमधला भाग) असा हवा: सी क्वार्टर, डी आणि ई एट्थ, एफ हाफ. टायपिंग होतं ५ सी, ४ डी ई, ६ एफ. आधी लांबी, मग स्वर. हा क्रम उलटा केला की नवशिक्याचं पहिलं पान बिघडतं: अक्षर आधी दाबलं तर मागच्या स्वराची लांबी नव्या स्वराला लागते. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं दिली तर बोटांना हा क्रम बसतो. माउसने पॅलेटमधून एकेक चिन्ह ओढत बसणाऱ्याला तेवढ्याच कामाला तिप्पट-चौपट वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे लांबीचा विचार स्वरापासून तुटतो.

अक्षर दाबल्यावर स्वर कुठल्या ऑक्टेव्हमध्ये (सप्तकात) पडेल हे म्युझस्कोर मागच्या स्वराच्या जवळीकीवरून ठरवतं. मिडल सीनंतर जी दाबा. वरचा जी पाच पायऱ्यांवर, खालचा चारच. म्हणून खालचा पडतो. कंट्रोल धरून वरचा बाण दाबला की तो एक ऑक्टेव्ह चढतो (मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड). सुरुवातीला याचा वैताग येतो, पण सवय उपयोगी आहे. अक्षर दाबण्याआधी ‘उडी चौथ्याची की पाचव्याची’ हे मनात येऊ लागतं, आणि वाचनात पुढे हेच कामाला येतं.

नुसता बाण दाबला की स्वर अर्ध्या स्वराने सरकतो. इथे एक सापळा आहे. वर नेताना म्युझस्कोर बहुधा शार्प (अर्धा स्वर वर) लिहितं आणि खाली आणताना फ्लॅट (अर्धा स्वर खाली), आणि तुमच्या सुरावटीला त्यातलं काय शोभतं याचा निवाडा तुमच्याकडेच राहतो. डी मायनरमधली सुरावट घ्या. शेवटी डीवर येण्याआधीचा स्वर सी शार्प असतो. डी वरून खाली बाण मारून तो लिहिला तर पानावर डी फ्लॅट येऊ शकतो. वाजवून पाहा, कानाला काही फरक नाही, कारण पियानोवर दोन्हींना एकच पट्टी. पण वाचणाऱ्याला डी फ्लॅटनंतर लगेच डी नॅचरल (साधा डी) दिसतो, एकाच जागी दोन चिन्हं, आणि हात अडखळतो. वाजवून तपासण्यावर विसंबणाऱ्याला ही चूक कधीच सापडत नाही. उपाय साधा आहे: स्वर निवडून जे दाबा, नाव पालटतं. पण कधी दाबायचं हे स्केल पाठ असल्याशिवाय कळणार नाही. म्हणून बारा मेजर स्केल आणि त्यांच्या की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीची शार्प-फ्लॅट चिन्हं) कागदावर हाताने लिहून काढण्याला पर्याय नाही. रोज एक स्केल धरलं तरी दोन आठवड्यांत हे काम उरकतं.

दुरुस्ती करताना बहुतेकांची एक फजिती ठरलेली. मधल्या क्वार्टर नोटची हाफ केली की पुढची नोट गायब. म्युझस्कोर पुढचे स्वर सरकवत नाही, त्यांची जागा घेतं. स्वर आखूड केला तर उरलेल्या जागेत रेस्ट येतो. मध्ये काही घुसवायचं असेल तर त्या जागेपासून ओळीच्या शेवटापर्यंत निवडा, कापा, हव्या त्या मात्रेवर पुन्हा चिकटवा. स्वर घुसवण्याची वेगळी सोय आहे, पण ती तो बारच लांबवते आणि मग ४/४ मधला एक बार साडेचार मात्रांचा होऊन बसतो. कोपऱ्यातलं बारीक अधिक चिन्ह दिसलं नाही तर ते छापल्यावरच कळतं.

आणखी एक: स्वर निळ्याऐवजी हिरवा दिसू लागला, रेस्ट दुप्पट झाले, तर तुम्ही नकळत दुसऱ्या व्हॉइसमध्ये लिहिताय. एका स्टाफवर दोन स्वतंत्र ओळी लिहिण्यासाठी ती सोय आहे. ओळ एकच असेल तर ते हिरवे स्वर पुसून पहिल्या व्हॉइसमध्ये लिहा.

बार कधी चुकतच नाही, हीच अडचण

कागदावर ३/४ चा बार लिहिताना साडेतीन मात्रा भरल्या की चूक डोळ्यासमोर राहते. मोजावं लागतं, खोडावं लागतं. म्युझस्कोरमध्ये असा बार भरताच येत नाही. तिसऱ्या मात्रेवर हाफ नोट टाकली तर ते तिचे दोन क्वार्टर करून बाराच्या रेघेवरून टायने (जोडकमानीने) जोडून देतं. जागा उरली तर रेस्टने भरतं. पान गणिताने नेहमी बरोबर. घाईत काम करणाऱ्याला हे वरदान आहे; शिकणाऱ्याचा मात्र तोच सराव बुडतो ज्यातून मात्रा मोजणं अंगवळणी पडतं. रोज सॉफ्टवेअरमध्ये लिहिणाऱ्या माणसाला कोऱ्या स्टाफच्या कागदावर चार बार लिहायला सांगा. दुसऱ्या बारातच मात्रा जास्त होतात, नोटच्या दांड्या उलट्या बाजूला जातात.

दांड्यांचं गणित तेव्हाच पाठ करावं: मधल्या रेघेच्या खाली असलेल्या नोटची दांडी उजवीकडून वर, वर असलेल्या नोटची डावीकडून खाली, मधल्या रेघेवर शक्यतो खाली. लांबी साधारण एका ऑक्टेव्हइतकी. म्युझस्कोर हे आपोआप करतं म्हणून कोणी पाहत नाही.

गणित बरोबर असूनही पान वाचायला वाईट असू शकतं, आणि तिथे सॉफ्टवेअर गप्प बसतं. ४/४ मध्ये ही लय लिहा: एट्थ, क्वार्टर, क्वार्टर, क्वार्टर, एट्थ. बेरीज चार, म्युझस्कोर बिनतक्रार घेतं. पण मधली क्वार्टर दुसऱ्या मात्रेच्या अर्ध्यावर सुरू होऊन तिसरी मात्रा गिळून टाकते. वाजवणारा बाराचा मध्य डोळ्यांनी शोधत असतो आणि तो त्याला दिसतच नाही. बरोबर लिखाण: एट्थ, क्वार्टर, एट्थ टायने जोडलेली एट्थ, क्वार्टर, एट्थ. म्हणजे मधली क्वार्टर फोडायची. म्युझस्कोरमध्ये हे करायला ती एट्थ लिहायची आणि लगेच टी दाबायचं. जोडलेली दुसरी एट्थ येते. टूल्समध्ये ‘रीग्रुप ऱ्हिदम्स’ नावाची आज्ञा आहे, ती असं काहीसं आपोआप करू पाहते, पण कधीकधी नको तिथेही फोडते. आधी हाताने करा, मग तिच्याशी ताडून पाहा.

तीच गत ३/४ आणि ६/८ ची. दोन्हींत सहा एट्थ मावतात. पहिल्यात त्या दोन-दोनच्या तीन गटांत वाजतात, दुसऱ्यात तीन-तीनच्या दोन गटांत. टाइम सिग्नेचर (हेच ३/४, ६/८ चे आकडे) चुकीची निवडली तरी बार भरतो, स्वर जागेवर पडतात, फक्त बीम (एट्थ नोटांना जोडणारे पट्टे) आणि ठोके चुकतात. ऐकून लिहिताना पाय कुठे पडतो ते आधी ठरवा: बारात दोनदा पडत असेल आणि प्रत्येक ठोक्यात तीन भाग असतील तर ६/८.

सुरावट पहिल्या मात्रेच्या आधीच उचलली जात असेल तर बहुतेक नवशिके पहिल्या बारात रेस्ट भरून मोकळे होतात. चालतं, पण बारांचे आकडे एकाने पुढे सरकतात. नवं पान उघडतानाच ‘पिकअप मेझर’ निवडावा. उचल एका मात्रेची असेल तर शेवटचा बार एका मात्रेने कमी ठेवायची रीत आहे.

वाचनाचा सराव यात होतो का?

सरळ उत्तर: जसं आहे तसं वापरलं तर नाही. कारण स्पेसबार. तो दाबला की पान वाजतं, निळी रेघ पुढे सरकते, डोळे तिच्या मागे जातात आणि कान सगळं पकडतो. दुसऱ्यांदा वाजवताना शिकणारा वाचत नसतो, आठवत असतो. ज्यांचा कान तयार आहे, जे ऐकून पटकन वाजवतात, त्यांना नोटेशन वाचायला बरेचदा जास्त वेळ लागतो तो याचमुळे. सुरावट कानात बसली की डोळे काम थांबवतात.

पण थोडं वळवून घेतलं तर हेच सॉफ्टवेअर वाचनासाठी फार कामाचं ठरतं. आठ बारांची साधी सुरावट भरा, किंवा इम्सलिप या नोटेशनच्या ऑनलाइन संग्रहावरून कॉपीराइट संपलेली एखादी सोपी एकेरी ओळ बघून टाइप करा. मग बार कापून-चिकटवून त्यांचा क्रम बदला: ५, २, ८, १ असा कसाही. सुरावट बेढब होते आणि तीच हवी आहे, कारण पुढचा स्वर कानाने ओळखता येत नाही. एफ१० ने मिक्सर उघडून वाद्य म्यूट करा, मेट्रोनोम चालू ठेवा, टेम्पो ६०. आधी फक्त लय टाळीने. दुसऱ्या फेरीत स्वरांची नावं लयीत उच्चारायची. तिसऱ्या फेरीत वाद्यावर, आणि चुकलं तरी न थांबता. त्यानंतरच म्यूट काढून ऐकायचं आणि कुठे फरक पडला ते पेन्सिलीने छापील पानावर मारायचं. थांबून दुरुस्त करण्याची सवय ही वाचनातली सगळ्यात चिवट वाईट सवय आहे. मेट्रोनोम तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून तो हवा.

रेघांवरचे ई जी बी डी एफ आणि घरांतले एफ ए सी ई पाठ करून जे थांबतात, त्यांचं गाडं इथे अडतं. ६० च्या टेम्पोला एट्थ नोटच्या वाट्याला अर्धा सेकंद येतो. तेवढ्यात तळाच्या रेघेपासून मोजत वर जाणं शक्य नाही. बाराखडी पाठ असणं आणि वाचता येणं यात जेवढं अंतर, तेवढंच हे. त्याऐवजी मोजके खुंट पक्के करा: ट्रेबल क्लेफची दुसरी रेघ जी, बास क्लेफची चौथी रेघ एफ, आणि दोन्हींच्या मधल्या लेजर लाइनवरचा (स्टाफबाहेरच्या छोट्या रेघेवरचा) मिडल सी. क्लेफ म्हणजे स्टाफच्या सुरुवातीचं, रेघांचे स्वर ठरवणारं चिन्ह; रेघा तळापासून मोजायच्या. बाकी सगळं अंतरावरून वाचायचं. रेघेवरून लगतच्या घरात म्हणजे दुसरा, रेघेवरून पुढच्या रेघेवर तिसरा, एक रेघ सोडून पुढच्या रेघेवर पाचवा. सम अंतराला रेघ-घर बदलतं, विषमाला नाही. एवढ्या एका निरीक्षणाने वाचनाचा वेग पाठांतरापेक्षा खूप लवकर वाढतो. नुसत्या स्वर ओळखण्याच्या सरावासाठी म्युझिकथिअरी डॉट नेटवरचे फुकट स्वाध्याय म्युझस्कोरपेक्षा सोयीचे आहेत. रोज पाच मिनिटं, दोन-तीन आठवडे, मग सोडून द्यायचे.

नोटच्या गोळ्यात स्वराचं नाव छापायची सोय म्युझस्कोरमध्ये आहे, रंगीत गोळ्यांचीही. मुलांसाठी ती हमखास वापरली जाते. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या चार-पाच दिवसांनंतर ती बंद करा. डोळा अक्षर वाचतो, जागा वाचत नाही, आणि अक्षरं काढली की मूल पुन्हा शून्यावर.

सरगम पक्की असलेल्याला इथे एक जास्तीची अडचण येते. सा कुठल्याही पट्टीवर धरता येतो. स्टाफवरची दुसरी रेघ मात्र ट्रेबल क्लेफमध्ये कायम जी. सी मेजरमध्ये सी म्हणजे सा असं डोक्यात बसवलं की जी मेजर आल्यावर सगळं विस्कटतं. यासाठी पहिल्या महिन्यापासूनच सी, जी आणि एफ या तीन मेजरमध्ये आळीपाळीने वाचायचं. म्युझस्कोरमध्ये ट्रान्सपोज करायला काही सेकंद लागतात, तेव्हा हेच आठ बार तिन्हींत छापून घ्या.

मग वेळ किती?

रोज वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून पाच-सहा दिवस, असा हिशोब धरू. चिन्हांची ओळख, म्हणजे स्वरांच्या जागा, लांब्या, रेस्ट, ठिपका, टाय, शार्प-फ्लॅट, दोन ते तीन आठवडे. हे इतकं पटकन होतं की लोकांना वाटतं आता झालंच. एकेरी ओळ, सोपी लय, ६० ते ७० च्या टेम्पोला वाद्यावर न थांबता वाचणं: तीन ते पाच महिने. पियानोसारख्या वाद्यावर दोन क्लेफ एकदम, तेही सोप्या तुकड्यांत: वर्ष ते दीड वर्ष. पान हातात घेऊन वाद्याशिवाय मनात ऐकू येणं याला काही वर्षं लागतात, आणि चांगले वाजवणारे कित्येक जण तिथवर जातच नाहीत. त्यांचं अडतही नाही. बासरी किंवा व्हायोलिन वाजवणाऱ्याला एकच क्लेफ आणि बहुतेक एकच ओळ वाचायची असते, त्यामुळे त्याचा प्रवास पियानोवाल्यापेक्षा बराच आखूड. गिटारवाल्याचा उलट: एकच स्वर तीन-चार जागी सापडतो, आणि टॅब (स्वरांऐवजी तार आणि पडदा दाखवणारं लिखाण) हाताशी असल्याने स्टाफ टाळला जातो.

लिहिण्याचं वेळापत्रक वेगळं. छापील पान बघून म्युझस्कोरमध्ये उतरवणं दोन आठवड्यांत जमतं. ऐकलेली लय लिहिणं, स्वर बाजूला ठेवून, दोन-तीन महिने. चार बारांची सोपी सुरावट ऐकून लिहिणं सहा महिने ते वर्ष. दोन ओळी एकदम ऐकून लिहिणं त्याच्या कितीतरी पुढे.

ऐकून लिहिण्याच्या सरावाला म्युझस्कोर फारच उपयोगी पडतं, आणि ही बाजू फार लोक वापरत नाहीत. शिक्षकाने किंवा मित्राने चार बार भरायचे, सगळे निवडून व्ही दाबायचं. स्वर अदृश्य होतात पण वाजतात. व्ह्यू मेनूत अदृश्य गोष्टी दाखवण्याची खूण काढून टाकायची, नाहीतर त्या राखाडी दिसत राहतात. फाइल तुमच्याकडे आली की पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा मात्रा आणि बार मोजा. तिसऱ्यांदा कागदावर लय लिहा, स्वरांच्या जागा रिकाम्या ठेवून. चौथ्या-पाचव्यांदा पहिला आणि शेवटचा स्वर पक्का करून मधले भरा. सहाव्या ऐकण्यानंतर थांबा आणि स्वर पुन्हा दृश्य करून ताडा. अमर्याद वेळा ऐकायची मुभा ठेवली तर सराव पाठांतराचा होतो. अवघड बार असेल तर वेग ६० टक्क्यांवर आणता येतो, स्वरांची पट्टी बदलत नाही. पण आधी पूर्ण वेगाने प्रयत्न करूनच. चुकीचा नमुनाही बघण्यासारखा असतो: लय चुकली तर बहुधा ठिपका विसरलेला असतो, आणि स्वर चुकला तर बहुधा तिसऱ्याऐवजी चौथा ऐकलेला असतो. त्याच दोन गोष्टींचे दहा-दहा नमुने पुढच्या आठवड्यात.

मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडायचा पियानोसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड) जोडून वाजवलेलं आपोआप लिहून घेण्याची अपेक्षा मात्र ठेवू नका. एकेक स्वर दाबत लांबी आकड्याने देणं उत्तम चालतं. पण मोकळेपणाने वाजवलेली मिडी फाइल उघडली की पानभर सिक्स्टीन्थ, बारीक रेस्ट आणि टाय दिसतात. बोट पट्टीवरून जरा लवकर उचललं की तेवढा रेस्ट लिहिला जातो. ते साफ करायला लागणाऱ्या वेळात नव्याने लिहून होतं.

दुसऱ्या वाद्यासाठी लिहिणार असाल तर खालच्या पट्टीवरचं ‘कॉन्सर्ट पिच’ बटण ओळखून ठेवा. बी फ्लॅट क्लॅरिनेटचं पान प्रत्यक्ष आवाजापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहिलं जातं. ई फ्लॅट आल्टो सॅक्सोफोनचं मेजर सहाव्याने वर. बटण चालू असताना पडद्यावर खरे स्वर दिसतात. छापण्याआधी ते बंद हवं. गिटार आणि डबल बास एक ऑक्टेव्ह वर लिहितात, हे सॉफ्टवेअर स्वतः सांभाळतं. वाद्याच्या आवाक्याबाहेरचा स्वर पिवळट किंवा लाल दिसतो: पिवळट म्हणजे शिकाऊ वादकाला अवघड, लाल म्हणजे कुणालाच नाही. ही सूचना मात्र मनावर घ्यावी.

डोरिको या दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरचीही मर्यादित वादकसंख्येची फुकट आवृत्ती आहे, आणि वर सांगितलेली मधली क्वार्टर ते स्वतः फोडून दाखवतं. तयार पान त्यामुळे जास्त नेटकं येतं. पण का फोडली हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती काही लागत नाही. शिकण्यासाठी म्युझस्कोरचा आळस मला जास्त पसंत आहे. रोजची छपाई करणाऱ्याने डोरिको जरूर पाहावं.

छापताना मूळ मांडणीत दोन रेघांमधलं अंतर १.७५ मिलिमीटर असतं, म्हणजे स्टाफ ७ मिलिमीटर उंच. वाजवण्याच्या सरावाला स्टँडवरून वाचायचं असेल तर २ किंवा २.२ करा. एका ओळीत चारच बार ठेवा. बाराची रेघ निवडून एंटर दाबलं की ओळ तिथे तुटते. आणि जपून ठेवायच्या प्रत्येक फाइलची म्युझिकएक्सएमएल (बहुतेक नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी) प्रतही काढून ठेवा. फिनाले हे जुनं, प्रकाशकांच्या सवयीचं सॉफ्टवेअर ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच्या कंपनीने बंद केल्याचं जाहीर केलं तेव्हा, ज्यांच्याकडे ही प्रत होती त्यांना दुसरीकडे जाणं सोपं गेलं. बाकीच्यांना जुनं सॉफ्टवेअर चालू आहे तोवर एकेक फाइल उघडून ती काढत बसावं लागलं.